वाट सांगणारी माणसं : वैद्यक शिकणाऱ्यांमागचा न लिहिलेला इतिहास

वैद्यकीय महाविद्यालयांचे इतिहास वाचायचा मला नाद आहे. शताब्दीच्या स्मरणिका, जुनी गॅझेटियर, वार्षिक अहवाल, चरित्रं, जे हाताला लागेल ते मी वाचतो. माझं शिक्षण वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला थांबलं. पुढचं सगळं वाचनालयांत आणि रद्दीच्या दुकानांत झालं. या वाचनात एक गोष्ट सारखी खटकत आली. जागा कुणी दिली, कोनशिला कुणी बसवली, खाटा किती होत्या, पहिला प्राचार्य कोण, हे सगळं मिळतं. पहिल्या वर्षी नापास होऊन गावी परत निघालेल्या पोराला स्टेशनावरून कुणी परत आणलं, हे मात्र मिळत नाही. परीक्षेला कुठलं पुस्तक वाचावं, शवविच्छेदनाच्या खोलीतून बाहेर आल्यावर जेवण जात नसेल तर काय करावं, वडिलांना फीचं कसं सांगावं, हे विद्यार्थ्याला कुणीतरी सांगितलेलंच असतं. त्या ‘कुणीतरी’ची नोंद ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही. तो माणूस अध्यापक असतो, वसतिगृहाचा रेक्टर असतो, कधी परका असतो. हा लेख त्याच्या शोधात लिहिला आहे.

शिर्डीत राहून हा विषय सुचावा यात नवल नाही. इथे संस्थानची दोन रुग्णालयं आहेत. राहात्यावरून बाभळेश्वरला जाऊन पश्चिमेला वळलं की लोणीचं वैद्यकीय महाविद्यालय, नगरजवळ विळद घाटात दुसरं, आणि नाशकात तर राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठच. आमच्या भागात घरटी नाही म्हणता येणार, पण वाडीवस्तीवर एखादी पोरगी नर्सिंगला, एखादा फिजिओथेरपीला, एखादा बीएएमएसला असतोच. त्यातल्या बहुतेकांच्या घरात या शिक्षणातलं आधी कुणाला काही ठाऊक नसतं.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं. ज्यांचं नाव त्याला दिलं ते गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्येच वारले होते. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड. १८५१ मध्ये पहिले आठ पदवीधर बाहेर पडले, त्यांत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग होते. या मुलांना इंग्रजी उत्तम येत होतं. ज्यांना येत नव्हतं त्यांचं काय, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला तो दयेपोटी नव्हे. दवाखान्यांना हाताखालची माणसं हवी होती. म्हणून १८६१ मध्ये ग्रँट कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग सुरू झाले, आणि १८७१ मध्ये पुण्यात बैरामजी जिजीभॉय मेडिकल स्कूल निघालं. तिथून ‘हॉस्पिटल असिस्टंट’ तयार व्हायचे.

मराठी वर्गाची ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण तिची दुसरी बाजूही बघायला हवी. मराठीत शिकलेला हॉस्पिटल असिस्टंट आणि इंग्रजीत शिकलेला डॉक्टर यांच्या पगारात, हुद्द्यात आणि मानात मोठी दरी होती. भाषेने दार उघडलं ते मागच्या बाजूचं. तरीही त्या वर्गांमुळे एक नवा माणूस जन्माला आला : इंग्रजी वैद्यक मराठीतून समजावून देणारा अध्यापक. डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांतलं ठळक नाव. ते ग्रँट कॉलेजात शिकवत, वनस्पतिशास्त्र हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत जे दोन हिंदी गृहस्थ होते त्यांतले एक हे, दुसरे आत्माराम पांडुरंग. सखाराम अर्जुनांनी मराठीतून वैद्यकावर पुस्तकं लिहिली. अशी पुस्तकं आज चाळताना परिभाषेची ओढाताण जाणवते. पण ज्या मुलाला ‘आर्टरी’ म्हणजे काय हे विचारायचीही लाज वाटत होती, त्याच्यासाठी ते पुस्तक म्हणजे रात्री खोलीवर येऊन शिकवणारा मास्तरच होता.

सखाराम अर्जुनांची आठवण आणखी एका कारणाने ठेवायला हवी. रखमाबाई त्यांची सावत्र मुलगी. बालपणी झालेलं लग्न मान्य नाही म्हणून ती उभी राहिली. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला १८८४ ते १८८८ चालला. सखाराम अर्जुन १८८५ मध्ये गेले. खटला चालू असताना घरातला आधार गेला आणि मग एक बाहेरची बाई पुढे आली. ती एडिथ पेची.

पेचीबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण चांगला सल्लागार कुठून तयार होतो ते तिच्यात दिसतं. एडिंबरा विद्यापीठात १८६९ मध्ये ज्या बायकांनी वैद्यक शिकायचा हट्ट धरला, त्यांत सोफिया जेक्स-ब्लेकबरोबर ही होती. रसायनशास्त्राच्या परीक्षेत तिला उत्तम गुण मिळाले, त्या गुणांवर होप शिष्यवृत्ती तिच्याकडे यायला हवी होती. बाई म्हणून ती नाकारली गेली. १८८३ मध्ये ती मुंबईला आली. १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल उघडलं, त्याची सूत्रं तिच्याकडे होती. रखमाबाईला डॉक्टर व्हायचं आहे हे कळल्यावर पेचीने नुसती शाबासकी दिली नाही. कुठलं कॉलेज, प्रवेशाला काय लागतं, पैसे कसे उभे करायचे, लंडनला कुणाकडे उतरायचं, इथपर्यंत तिची मदत गेली. इंग्लंडात मॅक्लॅरन दांपत्याचा आधार मिळाला. रखमाबाई १८८९ मध्ये निघाली, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकली, १८९४ मध्ये डॉक्टर झाली आणि पुढचं आयुष्य सुरत-राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत घालवलं. स्वतःची शिष्यवृत्ती गेलेल्या बाईला दुसरीच्या फीचा हिशेब बरोबर मांडता येतो, असं मला हे वाचताना वाटतं.

आनंदीबाई जोशींची कथा मराठी वाचकाला पाठ आहे, म्हणून ती सगळी सांगत नाही. एकच गोष्ट तपासू. आपण ती कथा गोपाळरावांभोवती फिरवतो : पोस्टातला विक्षिप्त नवरा, बायकोने शिकलंच पाहिजे म्हणून इरेला पेटलेला. त्याने ढकललं हे खरं. पण ढकलणं आणि वाट दाखवणं ही दोन कामं आहेत, आणि दुसरं काम न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी केलं. दंतवैद्याकडे बसल्या बसल्या त्यांनी एक मिशनरी मासिक चाळलं. त्यात गोपाळरावांचं पत्र आणि त्यावर वाइल्डर यांचं ‘आधी धर्म बदला’ या धाटणीचं उत्तर छापलं होतं. कार्पेंटरबाईंनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पत्रापत्री वाढली. आनंदीबाई आजारी पडल्या तेव्हा त्यांनी अमेरिकेहून औषधं पाठवली. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघालेली अठरा वर्षांची मुलगी जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली ती या मावशीच्या हवाली झाली.

तिथून पुढे फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात डीन रेचेल बॉडली होत्या. त्या रसायनशास्त्राच्या अध्यापक. परदेशातून आलेल्या मुलींकडे त्यांचं खास लक्ष असे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लाम्बुली यांचा १८८५ मधला एकत्र फोटो प्रसिद्ध आहे. तिघी आपापल्या देशाच्या पेहरावात आहेत. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई पदवीधर झाल्या, तेव्हा पंडिता रमाबाई सभागृहात होत्या. सालभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात आनंदीबाई वारल्या. त्यांच्या रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, पकीप्सीला ठेवल्या गेल्या. थंडी, खाण्याचे हाल, खोकला हे सगळं कार्पेंटरबाई आणि बॉडली दोघींना दिसत होतं. अभ्यासक्रम मध्येच थांबवून घरी पाठवावं का, हा प्रश्न अशा वेळी मार्गदर्शकापुढे येतोच. त्याचं सोपं उत्तर तेव्हाही नव्हतं. आज पहिल्या वर्षाची मुलं खंगताना दिसतात तेव्हाही नाही.

या दोन कथांतल्या बायका एकेकट्या होत्या. सल्ला देण्याचं काम संस्था म्हणून कुणी केलं असेल तर ते पुण्याच्या सेवासदनाने, आणि त्याचं श्रेय द्यायला आपण कमी पडलो आहोत. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदनाचं काम सुरू केलं. १९११ पासून ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेण्यासाठी सेवासदनच्या बायका जाऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, पांढरपेशा घरांतल्या होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे तेव्हाच्या पुण्यात काय होतं याची कल्पना करा. रमाबाईंनी घरोघर जाऊन मनं वळवली. रुग्णालयाजवळ राहायची सोय केली. मुलींना रात्रीची सोबत, सोवळ्या-ओवळ्याचा विचार करून स्वयंपाक आणि चुकलं तर बोलायला माणूस मिळाला. पुढे याच वाटेने काही जणी सब-असिस्टंट सर्जनच्या अभ्यासक्रमालाही गेल्या.

बक्षीस समारंभातला एक प्रसंग रमाबाईंच्या चरित्रात सांगितला जातो. केशवपन केलेली, जुन्या वळणाचं लुगडं नेसलेली एक विधवा परिचर्येचं बक्षीस घ्यायला मंचावर आली, आणि सज्जातल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. रमाबाई समारोपाला उठल्या आणि त्यांनी त्या तरुणांना त्यांच्याच घरातल्या विधवांची आठवण करून दिली. सभागृह गप्प झालं म्हणतात. मला या प्रसंगात भाषणापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. दुसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा वॉर्डात जायची होती, आणि तिला घेऊन जाणारं, परत आणणारं कुणीतरी होतं.

आता आमच्या जिल्ह्याकडे. नगरला १९१७ मध्ये वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी आयुर्वेद महाविद्यालय काढलं. त्याआधी दहा वर्षं, १९०७ मध्ये, नाशकात शंकर दाजीशास्त्री पदे यांनी अखिल भारतीय पातळीवरचं आयुर्वेद महामंडळ उभं केलं होतं, त्यातून आयुर्वेदाच्या परीक्षा सुरू झाल्या. काळाची अडचण अशी होती : गुरूच्या घरी राहून, त्याच्या मागे रुग्णाकडे जाऊन वैद्यक शिकायचं ही जुनी रीत. तीत सल्ला वेगळा द्यावाच लागत नसे, तो दिवसभर कानावर पडत असे. पण वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा आली की गुरू आणि शिष्य यांच्यामध्ये एक टेबल येतं. गुणेशास्त्र्यांनी ते टेबल ओलांडायचा एक मार्ग पुस्तकात शोधला. त्यांचं ‘औषधी गुणधर्मशास्त्र’ मराठीत आहे आणि अनेक भागांत आहे. जुन्या वैद्यांच्या कपाटात ते आजही सापडतं. अमुक रोगावर अमुक औषध एवढं सांगून ते थांबत नाही. एकाच तक्रारीवर चालणाऱ्या दोन औषधांतलं कुठलं कुणाला, कुणाला मुळीच देऊ नये, हे ते बसून समजावल्यासारखं सांगतं. नव्याने दवाखाना टाकलेल्या मुलाच्या मनात जे प्रश्न संध्याकाळी येतात, त्यांची ती उत्तरं आहेत. नगरच्या त्या महाविद्यालयाला आज त्यांचंच नाव आहे.

१९४६ ला भोर समितीचा अहवाल आला. सर्वत्र एकच एमबीबीएस पदवी असावी आणि कमी मुदतीचे अभ्यासक्रम बंद व्हावेत, असा त्याचा कल होता. त्याच वर्षी पुण्याचं बैरामजी जिजीभॉय स्कूल महाविद्यालय झालं. दर्जा वाढला यात शंका नाही. पण कमी ऐपतीच्या मुलाला वैद्यकात शिरायची जी बारीक फट होती ती बुजली. पुढे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. तिथे पहिल्या वर्षाची मुलं आधी गांधीजींच्या आश्रमात शिबिराला राहतात, मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. अर्धशतकानंतर राष्ट्रीय आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम देशभर लागू केला, त्याची पहिली ओळ सेवाग्रामने लिहिली होती.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग आमच्याच जिल्ह्यात, दक्षिणेला, जामखेडला घडला. रजनीकांत आणि मेबल आरोळे दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. मग नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षं काढली. तिथे त्यांच्या लक्षात आलं की बरा करून पाठवलेला रुग्ण तोच रोग घेऊन परत येतो. ते अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्समध्ये प्रा. कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य शिकले. टेलर जन्माने भारतातलेच, मसुरीचे. रुग्णालयाच्या भिंतीबाहेरच्या रोगाचा विचार त्या वर्गात पक्का झाला आणि जामखेडचा आराखडा तिथेच आकाराला आला. १९७० मध्ये दोघे जामखेडला आले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्यांचा प्रयोग सर्वज्ञात आहे : शिकलेल्या नर्सबाई खेड्यात मुक्कामाला राहीनात, तेव्हा गावातलीच, बहुधा निरक्षर, बहुधा खालच्या मानल्या गेलेल्या जातीतली बाई निवडायची आणि तिला आरोग्यसेविका करायची. या बायका ठरलेल्या दिवशी जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या, त्यावर बोलणं व्हायचं. व्याख्यान कमी, विचारपूस जास्त. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षय हे सगळं त्या तशाच शिकल्या. पण खरा उलटफेर पुढचा आहे. देशातले आणि परदेशातले वैद्यकीय विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि त्यांना शिकवायला उभ्या राहिल्या त्या याच बायका. झोपडीत शिरताना आधी कुणाशी बोलायचं, सासूसमोर सुनेला काय विचारायचं नाही, मूल तोलताना आईच्या डोळ्यांत काय बघायचं, हे एमबीबीएसच्या कुठल्याच पुस्तकात नाही. ते त्या विद्यार्थ्याला जिने सांगितलं तिला सही करता येत नव्हती.

जिल्ह्याच्या उत्तरेत वेगळंच घडत होतं. १९८३-८४ च्या सुमारास वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना वाट मोकळी केली. विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी साखर कारखान्याने ज्या प्रवरा परिसराचं रूप पालटलं होतं, तिथे लोणीला १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. २००३ मध्ये ती संस्था अभिमत विद्यापीठ झाली. उसाच्या शेतांमध्ये शिकवणारं रुग्णालय उभं राहिलं याचा आमच्या भागाला फार मोठा फायदा झाला, रात्री-अपरात्री पेशंट घेऊन तिकडे धावलेल्या कुणालाही विचारा. राज्यात मात्र खासगी महाविद्यालयांबरोबर सल्लागाराची एक नवी जात निपजली : दलाल. कुठल्या कॉलेजात किती लागतील, जागा कशी ‘पक्की’ होईल, हे सांगणारा. देणगी शुल्क बंदीचा कायदा १९८७ मध्ये करावा लागला, यावरून त्या जातीची भरभराट लक्षात यावी.

१९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकात सुरू झालं. अॅलोपथी, आयुर्वेद, होमिओपथी, दंत, नर्सिंग, फिजिओथेरपी असं सगळं एका छताखाली आलं. २०१६ पासून ‘नीट’ सक्तीची झाली. २०२० मध्ये राज्यातला सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा रद्द झाला. नियम असे दरवर्षी हलत राहिले आणि ते समजावून देणारा माणूस घरात नाही. मग निकाल लागला की आमच्याकडे, नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला, ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशा पाट्यांखाली गर्दी होते. बाप मागे उभा, मुलगी खुर्चीत, आणि दुकानातला बारावी झालेला मुलगा कॉलेजांचा पसंतीक्रम टाकतो आहे. वरचं कॉलेज खाली आणि खालचं वर गेलं तर पुढची पाच वर्षं बदलतात. तो मुलगा इमानदार असतो बहुतेकदा. साठ-सत्तर रुपयांत तो जे काम करतो ते एडिथ पेचीने रखमाबाईसाठी केलं होतं, फक्त त्याच्याकडे वेळ दहा मिनिटांचा असतो.

आत गेल्यावर काय? २०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला महिनाभराचा पायाभूत अभ्यासक्रम आला. त्यात भाषा, संगणक, ताणाचं नियोजन असे विषय आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याला एक अध्यापक ‘मेंटॉर’ म्हणून नेमून द्यायचा, हेही आलं. गरज किती आहे ते २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने दाखवून दिलं : त्यांच्या पाहणीत २५,५९० पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली, त्यांतल्या २७.८ टक्क्यांनी मानसिक आरोग्याची अडचण असल्याचं सांगितलं. ही उत्तरं स्वतःहून दिलेली आहेत, तेव्हा आकडा डोळे मिटून सगळ्यांना लावू नये. पण चारातला एक म्हणजे वर्गातल्या प्रत्येक बाकावरचा एक. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये एमबीबीएसची पुस्तकं हिंदीत आणली गेली, तेव्हा आपल्याकडेही मराठीची चर्चा झाली. १८६१ चा अनुभव लक्षात घेतला तर नुसत्या पुस्तकाने दरी बुजत नाही. मराठीतून बोलणारा, आणि तरी इंग्रजीच्या पुस्तकापर्यंत हात धरून नेणारा अध्यापक लागतो.

मेंटॉरच्या वह्या हा माझ्यासारख्याला नवा दस्तऐवज वाटतो. पन्नास वर्षांनी कुणी इतिहास लिहील तेव्हा त्या रद्दीत गेल्या नसतील तर बरं. एका महाविद्यालयातली अशी वही नावं झाकून मला पाहायला मिळाली. रकाने छापील होते : तारीख, उपस्थिती, चाचणीचे गुण, विद्यार्थ्याची सही, मेंटॉरची सही. पानामागून पान ‘समाधानकारक’, ‘समाधानकारक’, एकाच शाईत, बहुधा तपासणीच्या आदल्या दिवशी एका बैठकीत भरलेलं. फक्त एका पानावर, गुणांच्या रकान्याबाहेर, पेन्सिलीने बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. मेसचं जेवण जात नाही, दोन महिन्यांत सहा किलो उतरली. आईशी बोललो, त्या शनिवारी येतात. शरीरक्रियाशास्त्र माझ्याकडे संध्याकाळी पाच ते सहा, घरी. खाली सही नव्हती.